थोरली मांजर घरात असताना पिल्लू आलं तर

पावसाळा सुरू झाला की पार्किंगमधली, जिन्याखालची भिजलेली पिल्लं घराघरांत येतात. त्यांतल्या बऱ्याच घरांत आधीचं मांजर असतं, आणि ते बहुधा उतारवयातलं असतं. या अंकासाठी आलेल्या पत्रांमध्ये हीच अडचण पुन्हा पुन्हा दिसली, म्हणून सगळी उत्तरं एकत्र देत आहोत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात ती येणार आहे. थोरल्या मांजरीला खाण्याकडे, पाण्याकडे, शी-शूच्या ट्रेकडे आणि झोपायच्या जागेकडे जाताना पिल्लाला ओलांडून जावं लागू नये. दोघांची गट्टी जमेल किंवा जमणार नाही, पण ही वाट मोकळी असली की निम्मी भांडणं होतच नाहीत.

प्रश्न: आमच्याकडे १३ वर्षांची मनी आहे. लहानपणापासून एकटीच वाढली. मागच्या आठवड्यात मुलीनं पार्किंगमधून दीड-दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. घर वन बीएचके. मुलगी म्हणते, दोघांना समोरासमोर ठेवू, आपोआप जमेल. मनी मात्र त्याचा आवाज आल्यापासून कपाटावरून उतरायला तयार नाही. ओळख कशी करून द्यायची? (वाचक, डोंबिवली)

समोरासमोर ठेवू नका. पिल्लाला हातात धरून थोरलीच्या तोंडापुढे नेणं ही या प्रकरणातली सर्वांत नेहमीची चूक आहे. मांजरीला पळायला जागा हवी असते. तोंडापुढे आणलेल्या पिल्लापासून ती मागे सरकू शकत नाही, मग पंजा मारते, आणि पहिल्या भेटीची धास्ती पुढे कित्येक आठवडे मनात राहते.

पहिले १४ दिवस दोघांची गाठ पडू देऊ नका. याचं पहिलं कारण रोग. रस्त्यावरच्या पिल्लाच्या अंगात मांजरांचा पार्व्हो, म्हणजे पॅनल्यूकोपेनिया, मुरत असेल तर तो साधारण या मुदतीत बाहेर पडतो. पिल्लू अचानक मलूल होतं, खाणं सोडतं, उलट्या-जुलाब सुरू होतात. सर्दीचे विषाणू, जंत, पिसवा आणि कानातले किडे हेही सोबत आलेले असू शकतात. मनीची लस चुकली असेल, तर ती आता देता येईल का हे डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा.

वन बीएचकेमध्ये पिल्लाला कुठली खोली द्यायची? मनी जिथे झोपते ती सोडून दुसरी. ती रात्री बेडरूममध्ये असते म्हणून पिल्लाला स्वयंपाकघर किंवा बंद करता येणारी गॅलरी दिली तर गैरसोय होईल, पण ती गैरसोय आपली असते, तिची नसते. गॅलरीला जाळी बसवलेली नसेल तर गॅलरीचा विचारच नको. पिल्लाचे ट्रे, वाट्या, पांघरूण वेगळे ठेवा. त्याला हाताळल्यावर साबणानं हात धुवा आणि त्याच्या खोलीत जाताना वेगळा शर्ट किंवा गाऊन अंगावर घ्या.

दवाखान्यात नेल्यावर आधी वजन करून घ्या. जन्माच्या वेळी साधारण १०० ग्रॅम आणि पुढे दर आठवड्याला सुमारे १०० ग्रॅम, असा अंदाज धरला तर दोन महिन्यांचं निरोगी पिल्लू ८०० ते ९०० ग्रॅम भरतं. तुमचं ५०० ग्रॅम भरलं तर एकतर वय कमी आहे किंवा जंत फार आहेत. जंताचं औषध वजनावर मोजून द्यायचं असतं, चमचा अंदाजानं भरून नाही. तीन रोगांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीचा असर कमी करते आणि ती कधी ओसरेल हे पिल्लागणिक बदलतं, म्हणून हे डोस. रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर. ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारे दोन विषाणू) यांची रक्ततपासणीही करून घ्या, मात्र सहा महिन्यांखालच्या पिल्लाची एफआयव्ही तपासणी पॉझिटिव्ह आली तर घाबरून निर्णय घेऊ नका. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळेही ती तशी येते. पुढे पुन्हा तपासावी लागते.

पिसवांसाठी कुत्र्याचे मानेवर टाकायचे थेंब चुकूनही वापरू नका. त्यांतल्या अनेकांत परमेथ्रिन असतं आणि मांजराचं शरीर ते पचवू शकत नाही. अंग थरथरू लागतं, झटके येतात, जीव जातो. छोट्या पिल्लासाठी लिखा काढायची बारीक दातांची फणी हा उत्तम उपाय आहे. मानेकडून शेपटीकडे विंचरायचं आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची. दिवसातून दोनदा, आठवडाभर.

या १४ दिवसांत ओळख वासानं सुरू होते. एक स्वच्छ मोजा घ्या, पिल्लाच्या गालांवर आणि हनुवटीखाली हलकेच फिरवा आणि मनीच्या खाण्याच्या वाटीपासून चार-पाच फुटांवर ठेवा. तिनं हुंगून दुर्लक्ष केलं तर दुसऱ्या दिवशी फूटभर जवळ. फिस्कारली तर फूटभर लांब. तिचा वास असलेलं फडकं पिल्लाकडेही द्या. मोजा वाटीशेजारी असतानाही ती निवांत जेवू लागली, की बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना जेवू घाला. पहिल्या दिवशी दारापासून दोघांनाही पाच-सहा फूट लांब.

त्यानंतर दिसणं. दाराला जाळीचा दरवाजा असेल तर काम सोपं आहे. नसेल तर लहान मुलांसाठी लावतात ते फाटक चालतं, पण त्याच्या गजांमधून पिल्लू सहज निसटतं, म्हणून फाटकाला मच्छरदाणीची जाळी घट्ट बांधा. दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं, दोघांच्या पुढ्यात आवडीचं खाणं. मनी खाणं सोडून टक लावून पाहू लागली, शेपूट झटकू लागली, कान आडवे झाले, की पडदा ओढा. भेट बिघडण्याआधीच संपवायची असते.

एका खोलीतली पहिली भेट पिल्लाला खेळवून, दमवून, पोटभर खायला घालून मगच. वेळ दहा मिनिटं. मनीला कपाटावर जायची वाट मोकळी ठेवा, तिथून तिला ओढून काढू नका. या सगळ्याला तीन आठवडे लागू शकतात, तीन महिनेही लागतात. आठवड्याभरात जमलं नाही म्हणून ‘हिला आवडतच नाही’ असं ठरवू नका.

प्रश्न: थोरली फिस्कारते आणि पिल्लाच्या डोक्यात चापट मारते. तिला ओरडावं का? (वाचक, सांगली)

ओरडू नका. पाणीही मारू नका. फिस्कारणं म्हणजे ‘इथवरच’ असं सांगणं. ते सांगू दिलं नाही तर ती पुढच्या वेळी न सांगता मारेल, शिवाय पिल्लू दिसलं की आपल्याला शिक्षा होते असं तिच्या डोक्यात बसेल. नखं आत ठेवून मारलेली चापट हे पिल्लाचं शिक्षण आहे. रक्त निघणं, केसांचे पुंजके उडणं, एकानं दुसऱ्याला कोपऱ्यात कोंडणं, किंवा एखाद्यानं खाणं-शू टाळणं, यांपैकी काही दिसलं तर वेगळं करा आणि दोन पायऱ्या मागे जा. भांडण चालू असताना हात मध्ये घालू नका. मध्ये पुठ्ठा किंवा उशी सरकवा.

प्रश्न: सोन्या १४ वर्षांचा आहे. किडनीचा त्रास निघाला म्हणून डॉक्टरांनी वेगळं खाणं दिलं आहे. घरात चार महिन्यांची पिल्लीही आहे. ती त्याचं खाते, तो तिचं खातो. आजी दोघांना दूध-पोळी आणि सुकट घालते. काय करावं? (वाचक, नाशिक)

या वयांच्या गरजा एकमेकींच्या अगदी उलट आहेत. किडनीच्या खाण्यात फॉस्फरस मुद्दाम कमी केलेला असतो आणि प्रथिनं मोजून घातलेली असतात. वाढीच्या वयातल्या पिल्लीला ते कमी पडतं. पिल्लांच्या खाण्यात उष्मांक, प्रथिनं, कॅल्शियम, फॉस्फरस सगळंच जास्त, आणि नेमका फॉस्फरसच सोन्याच्या किडन्यांना बाहेर टाकता येत नाही. ती त्याच्या वाटीतलं दोन घास खाते याची फार काळजी नको. तो रोज तिचं खातो ही खरी अडचण आहे.

वाटी दिवसभर भरून ठेवायची सवय आधी बंद करा. खाणं वेळेवर आणि मोजून. चार महिन्यांच्या पिल्लीला दिवसातून तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा पुरतं. सोन्याला थोडं थोडं चार वेळा द्या, कारण किडनीच्या त्रासात मळमळ असते आणि एका बैठकीत तो फार खात नाही. त्याला खोलीत घेऊन दार लावा, २० ते ३० मिनिटांनी वाटी उचला. मोजायला स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. वाटीच्या अंदाजात दर वेळी पाच-दहा ग्रॅमचा फरक पडतो, आणि जेमतेम ५० ग्रॅम कोरडं खाणं खाणाऱ्या साडेतीन किलोच्या मांजराच्या दृष्टीनं तो फार मोठा आहे.

तुम्ही दिवसभर कामावर असाल आणि पिल्लीला दुपारचं खाणं ठेवायचंच असेल, तर झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्या, बाजूला पिल्लू जेमतेम आत जाईल एवढं भोक पाडा, कडा घासून त्यावर चिकटपट्टी लावा आणि वाटी भोकापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ठेवा, म्हणजे पंजा घालून ओढता येणार नाही. झाकणाला चार-पाच हवेची छिद्रं हवीत. पिल्ली वाढते आहे, तेव्हा ती अडकत नाही ना हे दर आठवड्याला तुमच्या समोर पाहा. पाच-सहा महिन्यांची झाली की ही युक्ती संपते. मग दार लावणं किंवा मांजराच्या कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप ओळखून उघडणारी वाटी, एवढेच पर्याय उरतात. ती वाटी महाग आहे, पण आजारी मांजर आणि कुलूपबंद घर असेल तर पैसे वसूल होतात.

सोन्याला नवं खाणं एकदम देऊ नका. आधी पाव भाग नवं आणि पाऊण भाग जुनं, मग तीन-चार दिवसांनी निम्मं निम्मं, असं करत दोन आठवडे घ्या. पाऊचमधलं ओलं खाणं घट्ट बंद डब्यात घालून गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवलं की वास सुटतो आणि म्हाताऱ्या नाकाला तो कळतो. ओल्या खाण्यात पाणी ८० टक्क्यांच्या आसपास असतं, कोरड्यात जेमतेम १०, त्यामुळे किडनीच्या मांजराला ओलं केव्हाही बरं. मळमळ जोरात असताना नवं खाणं सुरू करू नका. त्या खाण्याची आणि मळमळीची सांगड बसली तर तो पुढे त्याला तोंड लावत नाही.

आजींना समजावून सांगा. सुकट, सोडे, खारवलेले बोंबील यांत मीठ प्रचंड असतं आणि किडनीच्या त्रासात रक्तदाब बऱ्याचदा आधीच चढलेला असतो. रश्श्यातला कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो, मग मांजर कुठल्याही वयाचं असो. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. आणि पोळीत टॉरिन नसतं. ते मांजराच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, मांसातूनच मिळतं, आणि कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. आजींना प्रेमानं काही घालायचंच असेल तर पिल्लीला हळद-मीठ न घालता उकडलेल्या कोंबडीचे दोन-तीन तुकडे द्यावेत. सोन्याला काय चालेल ते त्याच्या डॉक्टरांना विचारूनच.

सोन्यानं पूर्ण दिवस काही खाल्लं नाही तर वाट पाहू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते, जाड मांजरांत तर फार लवकर. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लानं अर्धा दिवस खाल्लं नाही तरी धावपळ करावी, कारण त्याची साखर उतरते.

प्रश्न: पिल्लू आल्यापासून ११ वर्षांचा बोका ट्रेच्या बाहेर, कधी सोफ्यावर शू करतो. हा मत्सर आहे का? फिनेलनं पुसलं तरी पुन्हा तिथेच. (वाचक, ठाणे)

मत्सर म्हणून सोडून देऊ नका. आधी एक गोष्ट तपासा. तो ट्रेमध्ये वारंवार बसतो, जोर करतो, ओरडतो आणि थेंबभरच येते किंवा काहीच येत नाही, असं असेल तर तो मूत्रमार्ग तुंबल्याचा प्रकार आहे. बोक्यांमध्ये हे जास्त होतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. तसं नसेल तरी या वयात लघवीची आणि रक्ताची तपासणी करायलाच हवी. मधुमेह, किडनी, मूत्राशयाची सूज, सांधे, सगळ्यांचं पहिलं लक्षण सोफ्यावरच दिसतं.

तपासणी ठीक आली तर ट्रेकडे पाहा. नियम मांजरांची संख्या अधिक एक, म्हणजे तुम्हाला तीन. तिन्ही एकाच बाथरूममध्ये ओळीनं ठेवले तर मांजराच्या लेखी ती एकच जागा. पिल्लाला दाराआड दबा धरून ट्रेमधून बाहेर येणाऱ्यावर उडी मारायला फार आवडतं. तरुण मांजर ते खेळावारी नेतं. अकरा वर्षांचा बोका मात्र दोन वेळा असं झालं की तिथे जाणंच सोडतो. म्हणून एक ट्रे अशा ठिकाणी हवा जिथून दोन्हीकडे दिसतं आणि दोन वाटांनी निघता येतं. झाकणवाला, एकच तोंड असलेला ट्रे या घरात नको.

दुकानातले ट्रे बहुधा छोटे असतात. नाकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत मांजराची जी लांबी, तिच्या दीडपट ट्रे हवा. कपडे ठेवायचा साठ बाय चाळीस सेंटिमीटरचा प्लॅस्टिकचा खोका त्यापेक्षा स्वस्त पडतो. एका बाजूला तळापासून सात-आठ सेंटिमीटर ठेवून वरचा भाग ‘यू’ आकारात कापा, कड पॉलिशपेपरनं घासा आणि त्यावर जाड टेप लावा. सांधे दुखणाऱ्या मांजराला एवढाच उंबरा ओलांडता येतो. वाळू पाच-सहा सेंटिमीटर. त्याला खडबडीत खडे टोचत असतील, तेव्हा बारीक वाळू घ्या. पिल्लू आठ आठवड्यांखालचं असेल तर त्याच्या ट्रेमध्ये गोळे बनणारी वाळू घालू नका, ती पिल्लं तोंडात घालतात आणि ती आतड्यात फुगते. कागदाच्या किंवा लाकडाच्या गोळ्या चालतात. शी-शू दिवसातून दोन वेळा काढा.

फिनेल मात्र आजच बंद करा. काळं फिनेल, डेटॉल, लायसॉल यांसारख्या जंतुनाशकांत फिनॉलच्या जातीची किंवा मांजराला बाधणारी इतर रसायनं असतात. मांजराचं यकृत फिनॉल नीट बाहेर टाकू शकत नाही, आणि पुसलेल्या फरशीवर चाललेले पंजे मांजर चाटतं. पिल्लाच्या अंगाच्या मानानं तर तो डोस आणखी मोठा. शिवाय या तीव्र वासांनी लघवीचा वास झाकला जातो, जात नाही. डाग आधी कोऱ्या फडक्यानं टिपून घ्या, मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं द्रावण गादीच्या आतपर्यंत मुरेल एवढं ओता आणि आपोआप वाळू द्या. आधी दुसरं काही लावलं असेल तर ते साध्या पाण्यानं काढून टाका, नाहीतर एन्झाइम काम करत नाहीत. रोजची फरशी सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसली तरी पुरते.

प्रश्न: पाच महिन्यांचा बंड्या आमच्या १२ वर्षांच्या माऊच्या अंगावर दिवसभर झेपावतो. ती बेडखाली राहते. बंड्याला दुसऱ्या घरी द्यावं का? (वाचक, पुणे)

इतक्यात नको. बंड्या द्वाडपणा करत नाही, पाच महिन्यांच्या मांजराला शिकार करायची असते आणि घरात हलणारी गोष्ट फक्त माऊ आहे. त्याला दुसरी शिकार द्या. काठीला बांधलेलं पीस घेऊन सकाळी आणि संध्याकाळी १० ते १५ मिनिटं, आणि रात्री तुम्ही झोपायच्या आधी तिसऱ्यांदा. पीस त्याच्या अंगावर आणू नका, त्याच्यापासून लांब, सोफ्याच्या आडोशाला पळवा. मधूनमधून पकडू द्या. शेवटी हालचाल मंद करा, पकडलं की लगेच जेवण. धाव, पकड, खा, चाट, झोप हा क्रम पूर्ण झाला की तो दोन-तीन तास शांत राहतो. हाताशी खेळवू नका, आत्ता गोड वाटणारं चावणं सात-आठ महिन्यांत रक्त काढतं.

खेळताना सोडून गेलेला दोरा हा मोठा धोका आहे. गजऱ्याचा दोरा, मांजा, शिवणाची सुई-दोरा, राखीची जर, सगळं पेटीत बंद. मांजराची जीभ मागच्या बाजूला वळलेल्या काट्यांची असते, तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकता येत नाही, आत जातो. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात जातं आणि आतडं चुणीसारखं गोळा होऊन कापलं जातं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. तसंच दवाखान्यात न्या.

माऊसाठी अशी जागा करा जिथे बंड्या पोचत नाही. बारा वर्षांच्या मांजरीला उंच जागा देऊन भागत नाही, कारण तिथे तो तिच्याआधी पोचतो. एका खोलीचं दार दिवसातले चार-पाच तास तिच्यासाठी बंद ठेवा, आत तिचं अंथरूण, पाणी, ट्रे. बेडखालून बाहेर यायला तिला स्वतःची वेळ ठरवू द्या.

नसबंदी झाली नसेल तर आता करून घ्या. चार-पाच महिन्यांत ती करता येते आणि बोक्याचा वाढता दांडगेपणा, घरभर लघवीचे फवारे, माऊच्या मानगुटीवर चढणं या गोष्टी सवय होण्याआधीच थांबतात. पिल्ली असती तरी हेच सांगितलं असतं. मांजरी चार महिन्यांतही गाभण राहते, आणि ‘एक वेत होऊ दे मग करू’ या समजाला काही आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका फार कमी होतो. दवाखाना परवडत नसेल तर प्राणिमित्र संस्थांची आणि पालिकेची शिबिरं पाहा. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या शिकवणाऱ्या रुग्णालयांतही चौकशी करता येते.

अजून आणायचं ठरलेलं नसलेल्या वाचकांसाठी: म्हाताऱ्या मांजराच्या सोबतीला आणायचंच असेल तर एकटं पिल्लू आणण्यापेक्षा एकाच वेतातली दोन पिल्लं परवडतात. ती एकमेकांना दमवतात. त्याहून चांगलं म्हणजे सहा-सात वर्षांचं शांत मांजर. अशी मांजरं घराची वाट पाहत असतात आणि त्यांना कुणी विचारत नाही.

प्रश्न: आमचं घर जुनं, माळा आहे. १५ वर्षांची मनी आता माळ्यावर जात नाही, रात्री ओरडते, पाठीवरच्या केसांच्या गाठी झाल्यात. तीन वर्षांचा बोका मात्र मजेत. वय झालं म्हणून सोडून द्यायचं का? (वाचक, रत्नागिरी)

वय हा आजार नव्हे. मांजरांचं वय माणसांच्या हिशोबात मोजतात त्याप्रमाणे १५ वर्षं म्हणजे पंचाहत्तरीच्या आसपास. या वयात बहुतेक मांजरांचे सांधे झिजलेले असतात, पण मांजर लंगडत नाही. ते उड्या मारणं सोडतं, वळून पाठ चाटता येत नाही म्हणून गाठी होतात, नखं झिजत नाहीत म्हणून जाड होतात. तिच्या पंजाची गादी दाबून नखं पाहा. अंगठ्याचं नख वळून गादीत रुतलेलं असण्याची शक्यता आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी टोकं कापा. गाठी कात्रीनं कापायला जाऊ नका, म्हाताऱ्या मांजरीची कातडी कागदासारखी पातळ असते आणि गाठीबरोबर वर ओढली जाते. डॉक्टरांकडे मशीननं काढून घ्या.

रात्रीचं ओरडणं तपासायलाच हवं. खाणं वाढूनही वजन घटतं असेल तर थायरॉईड, पाणी फार पीत असेल तर किडनी किंवा मधुमेह. रक्तदाब मोजून घ्या. तो चढला की डोळ्यांतला पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होतं आणि अंधारात ओरडत फिरतं. पाणी मोजायचं असेल तर बोक्याला एक दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, वाटीत मोजून पाणी घाला, उरलेलं मोजा. वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी एका दिवसात प्यायलं जात असेल तर ते दुखणंच आहे. वजन महिन्यातून एकदा करून वहीत लिहा. चार किलोच्या मांजरीचे ४०० ग्रॅम गेले तर ते नजरेला कळत नाही, पण माणसाच्या ६० किलोंतले सहा गेल्यासारखं ते आहे.

माणसांच्या वेदनेच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजर मारायला पुरते.

घरात दोन सोयी आज संध्याकाळी करता येतील. कॉटची उंची दीड फूट असेल तर तिच्यापुढे चौरंग ठेवा आणि चौरंगापुढे पाट. दोन्हींवर गोणपाट किंवा जुनी सतरंजी खिळ्यांनी घट्ट बसवा, कारण गुळगुळीत लाकडावर पाय घसरला की ती पुन्हा पाय ठेवणार नाही. ट्रेपासून अंथरुणापर्यंतच्या वाटेवर रात्री छोटा दिवा लावा. बोक्याला माळा राहू द्या. ती खाली, तो वर, यात दोघांचंही भलं आहे.

प्रश्न: पिल्लाच्या कानावर गोल चट्टा आहे, केस गेलेत. आता थोरल्या मांजरीच्या नाकावर आणि मुलाच्या हातावरही. (वाचक, मडगाव)

गजकर्ण असण्याची शक्यता मोठी आहे. पिल्लं आणि म्हातारी मांजरं दोघांचीही प्रतिकारशक्ती कमी, त्यात पावसाळ्यातली दमट हवा. डॉक्टर निळसर किरणांच्या दिव्यानं आणि केसांच्या नमुन्यानं खात्री करतील. मुलाला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. माणसांची मलमं मांजराला लावू नका, ते चाटतं. तिघांवरही एकाच वेळी उपचार झाले नाहीत तर ते फिरत राहतं. बुरशीचे बीजाणू गळलेल्या केसांवर वर्षभरही टिकतात, म्हणून रोज केस गोळा करणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. चादरी गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवा, ऊन नसेल तर दोनदा धुवा. चट्टा बरा दिसला म्हणून औषध थांबवू नका, डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पूर्ण करा.

प्रश्न: सोळा वर्षांची मांजर मागच्या आठवड्यात गेली. दोन वर्षांची राणी तिच्या जागेवर जाऊन हाका मारते, कमी खाते. तिच्यासाठी लगेच पिल्लू आणावं का? (वाचक, सोलापूर)

लगेच नको. राणी आत्ता त्या मांजरीला शोधते आहे, नव्या पिल्लाला जागा द्यायच्या मनःस्थितीत नाही. थोरलीचं अंथरूण इतक्यात धुवू नका, जागेवरून हलवूही नका. वास हळूहळू विरू द्या. राणीच्या जेवणाच्या आणि खेळाच्या वेळा अगदी पूर्वीसारख्या ठेवा, ती हाक मारेल तेव्हा बोला. रोज किती ग्रॅम खाल्लं ते लिहा. पूर्ण दिवस काही खाल्लं नाही, किंवा आठवड्यात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, तर दुःख म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. थोरली कशानं गेली तेही त्यांना सांगा, संसर्गाचा आजार असेल तर राणीची तपासणी आणि घराची स्वच्छता आधी. पार्व्होचा विषाणू घरात वर्षभर राहू शकतो. फरशी साबणानं धुवून, ३२ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून दहा मिनिटं ओली ठेवायची, मग साध्या पाण्यानं दोनदा पुसायची. राणीला फरशी वाळेपर्यंत दुसऱ्या खोलीत ठेवा.

ती पुन्हा पूर्वीसारखी खाऊ-खेळू लागली आणि त्यानंतरही महिनाभर गेला, की मग पिल्लाचा विचार करा. तेव्हा या पानावरचं डोंबिवलीच्या वाचकांना दिलेलं उत्तर पहिल्यापासून वाचा, आणि १४ दिवसांपैकी एकही दिवस कमी करू नका.